फक्त आईकडून

"घरात कुणाला कुठल्या औषधाचा त्रास झालाय?" नर्सने आजारी पोरीच्या आईला विचारलं.

"कुणालाच नाही," तिची आई मध्येच बोलली. तोंड वर करून.

ती उशाशी बसलेली, मांडीवर लेकीचं तापाने फणफणलेलं डोकं. खिडकीपाशी तिचा दादा, ठार बहिरा, ओठ वाचण्यात तरबेज. त्याने आईचे ओठ वाचले. मग नर्सच्या हातातली बाटली वाचली.

आणि नर्सचं मनगटच धरलं.

"हेच! माझे कान यानेच गेले! मावशीचेपण! आईने कुणाला सांगू दिलं नाही!"

त्याचा आवाज त्याला ऐकू येत नाही. अख्ख्या वॉर्डाला आला.

घरात सांगायची गोष्ट: लहानपणी ताप आला, कान गेले.

खरी गोष्ट: सुई.

ताप म्हणे! आई, तू आजवर—

डॉक्टर आला, त्याने इंजेक्शन थांबवलं, दुसरं औषध लावलं. "थोडक्यात वाचली पोरगी. पेशींत ऊर्जा तयार करणारे बारीक घटक असतात, मायटोकॉन्ड्रिया. काही घराण्यांत त्यांत दोष असतो. एरवी जाणवतही नाही, पण हे इंजेक्शन दिलं की कान जाऊ शकतात. रक्त तपासू, पण मला तेच वाटतंय."

"तुला माहीत होतं," ती आईला म्हणाली.

"मग काय दवंडी पिटायची होती? तुझं लग्न जमलं असतं?"

"आणि दादाचं? ठरलेलं मोडलंस! पोरं बहिरी निघतील म्हणून!"

"निघाली असतीच की!"

"नाही, आजी," डॉक्टर म्हणाला. "हा दोष फक्त आईकडून येतो. बापाकडून नाही."

फक्त आईकडून.

म्हणजे जिचं लग्न थाटात लावलं, तिच्या पोरीला धोका. आणि ज्याचं मोडलं, त्याची पोरं धडधाकट—

कुठली पोरं? चाळिशी उलटलेला माणूस शेजारच्यांच्या पोरांच्या सायकली फुकट दुरुस्त करतो, संध्याकाळी खोलीत एकटाच जेवतो आणि—



"काय म्हणाले डॉक्टर?" दादाने विचारलं. डॉक्टरची पाठ होती त्याच्याकडे.

आईने तिचा दंड धरला. "नको सांगूस गं त्याला. आता काय उपयोग? उगाच जिवाला लागेल."

"लागू दे! कान सुईने गेले त्याचे. आता खऱ्या गोष्टीलाही बहिरा ठेवतेस त्याला?"

तिने हात झटकला. लेकीचं डोकं उशीवर टेकवलं, दादासमोर जाऊन उभी राहिली. ओठ रागाने थरथरत होते. अशा ओठांवरचं त्याला वाचता आलं नसतं. तिने ते घट्ट मिटले. मग सावकाश उघडले.

"दादा, तुझी पोरं बहिरी निघाली नसती. एकसुद्धा नाही."