काळ्या घोड्याची राहिलेली फेरी

मी लाकडी पेर बोलतो आहे. खायचा नव्हे. आकार नासपतीच्या फळासारखा, म्हणून बुएनोस आयरेसमध्ये मला पेर म्हणतात. फिरत्या घोड्यांच्या चक्रीपाशी माझा जन्म गेला. आज मी तिकीटखिडकीशेजारी साखळीला टांगलेला असतो. परदेशी पाहुणे मला हातात धरतात, दात काढतात, फोटो काढून घेतात. मला दात काढता येत नाहीत, हे बरंच आहे.

मला एवारिस्तो कानेसाने कोरलं. तो बोका नावाच्या बंदरवस्तीतला, जहाजं दुरुस्त करणारा सुतार. गोदीतलं काम सुटलं तेव्हा त्याने एक मोडकी चक्री विकत घेतली, घोड्यांचे पाय जोडले, शेपट्या बसवल्या, आणि शेवटी क्वेब्राचोच्या तुकड्यातून मला घडवलं. या लाकडाच्या नावाचा अर्थच कुऱ्हाडमोड्या. मालकही त्याच लाकडाचा होता.

माझ्या पोटात खालून एक खाच आहे. त्या खाचेत लोखंडी कडी अर्धी आत, अर्धी बाहेर बसते. चक्री फिरू लागली की एवारिस्तो काठाशी उभा राहून मला पोरांच्या हातासमोर नाचवायचा. पोरं घोड्यावरून वाकत, हात लांब करत. जो कडी ओढून काढील त्याला पुढची फेरी फुकट. या शहरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही विचारा, लहानपणी कडी किती वेळा मिळाली ते त्यांना आठवतं. बायकोचा वाढदिवस आठवणार नाही.

लोक म्हणत, नशिबाचा खेळ आहे. नशीब वगैरे काही नव्हतं. एवारिस्तोचं मनगट होतं. ज्याला द्यायची नाही त्याच्या बोटापासून तो मला केसभर अंतरावरून वळवायचा, आणि पोराला वाटायचं, थोडक्यात हुकली. पायाला लोखंडी पट्ट्या लावलेली एक मुलगी यायची, तिच्या हातात कडी अशी सरकायची की तिला स्वतःचं कौतुक वाटावं. संपाच्या दिवसांत ज्यांच्या घरची चूल थंड, त्यांच्या पोरांना कडी हमखास. बेकरीवाल्याच्या लेकीला क्वचित, तीही भोकाड पसरलं तर. हे कोणाला कळत नसे. कळू द्यायचं नाही, हीच त्याची ऐट होती.

एक नियम मात्र सगळ्यांना ठाऊक होता. चक्रीवाल्याच्या घरात कडी जायची नाही.

त्याचा एकुलता एक मुलगा ओस्वाल्दो. तो नेहमी बाहेरच्या रांगेतल्या काळ्या घोड्यावर बसायचा आणि सगळ्यांच्या आधी हात पुढे करायचा. दर फेरीला मी त्याच्यासमोर जायचो आणि दर फेरीला वळायचो. त्याला फेऱ्या फुकटच होत्या. फेरी नको होती त्याला. कडी हवी होती.

शेजारी पिएरिनाची गाडी असायची. ती फाईना, म्हणजे चण्याच्या पिठाची जाड पोळी, भाजायची आणि तापलेल्या तव्यापेक्षा तिची जीभ तिखट होती.

"एवारिस्तो, एकदा दे की त्या पोराला. तुझं काय सोनं जातंय?"

"लोक म्हणतील, घरातल्या घरात वाटून घेतो."

"लोक आत्ताही म्हणतात. म्हणतात, हा बाप आहे का जकातनाक्यावरचा शिपाई?"

"तू तुझी फाईना बघ. जळतेय."

"जळू दे. तुझ्यापेक्षा मऊच राहील."

ओस्वाल्दोला आठ वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी तो नवा सदरा घालून आला. त्या दिवशी त्याने हात पुढे केला नाही. दोन फेऱ्या तो गप्प बसून राहिला, बापाकडे बघायचाही नाही. एवारिस्तोला वाटलं, पोरगं रुसलं. तिसऱ्या फेरीला तो एकदम रिकिबीत उभा राहिला, झडप घातली आणि कडी काढली.

सगळी पोरं ओरडली. ओस्वाल्दोने कडी वर धरली. मी इतकी वर्षं पोरांची तोंडं बघतोय, पण तसं तोंड पुन्हा पाहिलं नाही.

एवारिस्तोने दांडा ओढला. चक्री करकरत थांबली.

"कडी दे."

"मी काढली, बाबा. तुम्ही दिली नाहीत, मी काढली."

"तुझी धरत नाहीत."

"का?"

"तू माझा आहेस म्हणून."

सगळ्यांसमोर त्याने पोराच्या मुठीतून कडी सोडवली आणि मागच्या घोड्यावरच्या पोराला दिली. मी त्याच्या दुसऱ्या हातात होतो. त्याने मला मोडायला निघाल्यासारखं आवळलं होतं. मला कळलं. पोराला कळायला मार्ग नव्हता.

पिएरिना फक्त म्हणाली, "शाबास. आता तुला देवळात बसवू." फाईनाचा एक गरम तुकडा कागदात गुंडाळून तिने ओस्वाल्दोपुढे धरला. त्याने घेतला नाही. तो घोड्यावरून उतरला, आणि त्यानंतर चक्रीवर कधी चढला नाही.

पुढे ओस्वाल्दो पाहुण्यांना शहर दाखवणाऱ्या गाड्यांवर लागला. माइक हातात धरून तो आमच्या वस्तीची गोष्ट सांगायचा. रंगीबेरंगी पत्र्याची घरं, खलाशी, टँगो. पत्र्यांना रंग का, तर जहाजांचा उरलेला रंग फुकट मिळायचा म्हणून. ऐकून पाहुणे हळहळत आणि पुन्हा फोटो काढत. गरिबी गाडीच्या खिडकीतून फार सुंदर दिसते.

एवारिस्तोचं मनगट म्हातारं झालं. मी त्याच्या हातून निसटून पडू लागलो. एकदा एका पोराच्या कपाळाला लागलो, तेव्हा त्याने स्वतःच चक्रीला कुलूप घातलं. परवाना ओस्वाल्दोने आपल्या नावावर करून घेतला. बापाने सही केली. दोघांत जेवढं बोलणं झालं तेवढं अनोळखी माणसंसुद्धा बसथांब्यावर करतात.

मग घोडे रंगवले गेले. पिवळे, हिरवे, निळे, घरांच्या पत्र्यांना शोभतील असे. दिवे लागले, गाणी लागली. तिकीट इतकं वाढलं की वस्तीतली आई पोराचं बोट धरून दुसऱ्या बाजूने जाऊ लागली. पाहुण्यांच्या गाड्या थेट दारात थांबायच्या. मोठीमोठी माणसं घोड्यांवर बसायची. घोडे काही बोलत नाहीत, त्यांना सवय आहे.

सुरुवातीला भाड्याचा एक माणूस मला नाचवायचा. एका पाहुण्या बाईचं बोट कडीत अडकलं, तिने आरडाओरडा केला. त्याच दिवशी ओस्वाल्दोने माझ्या खाचेत घट्ट गोंद ओतला, कडी चिकटवली आणि मला साखळीला टांगलं. खाली पाटी लावली: 'सुखाची कडी. ओढल्यासारखं करा, फोटो काढा.'

जी कडी निघण्यासाठीच घडवली, ती निघू नये म्हणून चिकटवली. याहून जास्त मला माझ्याबद्दल सांगायचं नाही.

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी दुपारी एवारिस्तो आला. काठी टेकत, कोटाच्या खिशात पटाशी. कोणाला विचारलं नाही. साखळीवरून मला उतरवलं, बाकावर बसला आणि गोंद खरवडू लागला. मनगट म्हातारं, पण पटाशी एकदाही माझ्या लाकडाला लागली नाही. पिएरिना आता वाकली आहे, पण तिची गाडी तिथेच आहे.

"काय रे, चोरी करतोस?"

"माझं मी घेतोय."

"उशीर केलास."

"ठाऊक आहे."

ओस्वाल्दो तिकीटखिडकीमागून बाहेर आला. त्याचेही केस पिकले आहेत. "बाबा, काय करताय? लोक बघतायत."

"बघू दे. बस."

"कुठे?"

"काळ्या घोड्यावर."

"काळा घोडा आता नाही. पिवळा केला त्याला."

"रंग बदललास. घोडा तोच आहे. बस."

एवारिस्तोच्या तोंडून 'बघू दे' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. ओस्वाल्दोनेही. पाहुण्यांना वाटलं, खेळ आहे. त्यांनी फोन वर धरले. मग ओस्वाल्दो चढला. बापासाठी चढला की फोनसाठी, ते मला आजही सांगता येत नाही.

चक्री सुरू झाली. एवारिस्तोने काठी पिएरिनाकडे दिली आणि मला पुढे धरलं. मनगट सरळ. वळवणं नाही, हुलकावणी नाही. कडी जवळजवळ बाहेर लोंबत होती, नुसत्या वाऱ्यानेही पडली असती.

ओस्वाल्दो आला. समोर बघत होता. हात मांडीवर. गेला.

पुन्हा आला. एवारिस्तो एक पाऊल पुढे सरकला, इतका की घोड्याचा नाल त्याच्या कोटाला घासून गेला.

"घे रे," तो म्हणाला. हळू म्हणाला. गाण्याच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नसेल. पण ओस्वाल्दो हातभर अंतरावर होता. त्याने ऐकलं. त्याची बोटं मांडीवर किंचित हलली, आणि तिथेच राहिली.

गाणं संपलं, चक्री थांबली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ओस्वाल्दो उतरला, पँट झटकली आणि म्हणाला, "दर रविवारी येत जा. लोकांना आवडलं."

एवारिस्तोने माझ्यातून कडी काढली, तिकीटखिडकीच्या फळीवर ठेवली. "एक फेरी राहिली होती. तुझी." काठी घेतली आणि निघाला. पिएरिनाने फाईनाचा तुकडा पुढे केला. त्यानेही घेतला नाही. बाप तसा बेटा.

तो पुन्हा आला नाही. ओस्वाल्दो त्या दिवशी बराच वेळ कडी हातात धरून बसला. तर्जनीत घालून पाहिली. आठ वर्षांच्या बोटात ती सैल झाली असती. आता बोटाच्या पेरावरच अडकली. दुसऱ्या दिवशी त्याने ती पुन्हा माझ्या खाचेत बसवली आणि गोंद ओतला. या वेळी जास्त ओतला.

आलात या शहरात तर मला जरूर बघा. फोटोही काढा, त्याचे पैसे तुम्ही दिलेले असतात. कडी मात्र ओढत बसू नका, बोटं दुखतील. आणि कोणाला काही द्यायचं राहिलं असेल, तर त्याचा हात पुढे आहे तोवर द्या. तो हात मांडीवर गेला, की मनगट कितीही सरळ धरा, कडी माझ्यातच राहते.