घरचा माणूस

जनकाबाईने निरोध चढवून दाखवायचा लाकडी नमुना टेबलावर असा आपटला की पाकिटं खाली सांडली.

"बारा वर्षं झाली मले शिकवून शिकवून! अन् तूच गरमी घेऊन आली?"

रुपालीच्या हातात तपासणीचा कागद होता. गरमी कशाने होते, कोणत्या सुईने जाते, सगळं तिला पाठ होतं. मागच्याच महिन्यात तिने सगळी उत्तरं बरोबर दिली, तेव्हा तपासणीला येणाऱ्या संस्थेच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"बिना निरोधचं कोणाले घेतलं?"

"गिऱ्हाईक नाही मावशी. पुंजाजी."

जनकाबाईचं डोकंच फिरलं. पुंजाजी दर रविवारी देऊळघाटहून वांगी, मेथी घेऊन यायचा. पैसे तो द्यायचा नाही, रुपाली मागायची नाही. धंदा करणाऱ्या बायांच्या वस्तीची रीतच ती. पैसे देतो तो गिऱ्हाईक, भाजी आणतो तो घरचा माणूस.

"त्याले घेऊन ये. त्यानंही सुई घेतली नाही तं पुन्हा होईन तुले."

"येत नाही. म्हणते, मी काय गिऱ्हाईक हाय का?"

"मंग निरोध वापर त्याच्यासंग."

"पोराच्या दाखल्यावर त्याचं नाव हाय. पाकीट काढलं का उठून जाईन तो."

"जाऊ दे गेला तं! जीव मोठा का नाव मोठं?"

बारा वर्षं नुसतं पालथ्या घड्यावर पाणी. दोन थोबाडीत द्याव्यात असं जनकाबाईला वाटलं. रुपाली मात्र खाली वाकून एकेक पाकीट गोळा करत होती. वर न बघताच तिने विचारलं,

"सहदेवकाकाले तू कसं सांगतं, मावशी? मलेही तसंच शिकव."

पोरगी टोमणा मारत नव्हती. तिला खरंच शिकायचं होतं. सहदेव जनकाबाईकडे घरचा माणूस म्हणून यायला लागून नऊ वर्षं झाली होती. तपासणीला सगळ्या बायांना ती ओढून आणायची आणि यादीत आपल्या नावापुढे दर खेपेला रक्त न देताच स्वतः खूण करून मोकळी व्हायची.

कोपऱ्यात रक्त घेणारी समीक्षा सामान आवरत होती.

"झाल्या ना सगळ्या, मावशी? निघू मी?"

जनकाबाई स्टुलावर जाऊन बसली. बांगड्या वर सारायला तिला जरा वेळ लागला.

"थांब," ती म्हणाली. "एक राह्यली."