चोवीस तास

साबणाच्या पाण्याचा बोळा होडीच्या फुगलेल्या कडेवरून फिरला आणि एका जागी बुडबुडे उठले. बारीक, मुके, न थांबणारे. ठिगळवाल्याने डोळे मिटले, उघडले. बुडबुडे तिथेच होते, त्याच्याच हातच्या जुन्या ठिगळाच्या कडेशी.

घरामागच्या पडवीत तो वीस वर्षं हवेच्या होड्या दुरुस्त करत होता. तो चिकटवायचा, बायको ठिगळं कापायची. नेहमी गोल, कारण कोपरा असला की तिथूनच उचकटतं. चिकटवल्याची वेळ ती पेन्सिलीने ठिगळावर लिहायची. तिथून पुढे चोवीस तास वजनाखाली. देव जरी दारात येऊन उभा राहिला, तरी आधी होडी मिळायची नाही.

मिळाली ती एकदाच, सहा तासांत, आणि तीही मेहुण्याला. बायकोचा हा धाकटा भाऊ तलावात जाळी टाकायचा. "आठव्या महिन्यातच जन्मला, तेव्हापासून घाईतच आहे," असं ती त्याला चिडवायची. त्या संध्याकाळी तो दारात पाय आपटत उभा होता, आणि तीच हसत म्हणाली होती, "द्या हो त्याला. नाहीतर माझं डोकं खाईल."

दुसऱ्या दिवशी भर तलावात होडीची एक बाजू बसली. जाळं पायात अडकलं होतं, तो वर आलाच नाही.

त्याला तीन महिने झाले. ती स्वयंपाक करी, वाढी, तो जेवी. कोणी कोणाला काही विचारलं नाही. घरात आवाज यायचा तो भांड्यांचा.

आज सकाळी मेहुण्याचा जोडीदार तीच होडी टाकून गेला होता. त्यालाही पाण्यावर जायचं होतं, पोट होतं.

"कुठून जातेय हवा?" पाटावर बसलेल्या बायकोने विचारलं.

त्याने बाहीने फेस पुसला. "मागून. काहीतरी टोचलंय. नवीनच भोक आहे, सुईएवढं."

ती हं म्हणाली. कापड अंथरलं. सुईएवढ्या भोकाला वाटी पालथी घालून आखायची तिची रीत होती. जुनं ठिगळही वाटीचंच होतं. आज तिने वाटीला हात लावला नाही. ताटली घेतली, पालथी घातली, सावकाश पेन्सिल फिरवली, कापलं आणि ते ठिगळ त्याच्या हातात दिलं. जुनं ठिगळ झाकून चहूबाजूंनी तीन बोटं उरेल एवढं.



"सकाळीच हात फिरवला होता मी," ती म्हणाली. "उचकटलेली कड लागली बोटाला."

मग म्हणाली, "द्या, असं मीच म्हटलं होतं."

"दिली मी," तो म्हणाला.

त्याने हवा सोडली. होडी खाली बसत गेली. गरम हवा मारताच जुनं ठिगळ अलगद सुटून आलं. त्यावर तिच्या अक्षरात वेळ होती, दुपारी बारा. तिने ते कात्रीच्या डब्यात ठेवलं. त्याने जागा घासली, पुसली, दोन्हीकडे गोंद लावला, नवं ठिगळ दाबून बसवलं. तिने त्यावर लिहिलं, चार. वर लोखंडी वजन ठेवलं.

दिवस कलताना जोडीदार आला. जाळी गाडीत भरून ठेवलीत, वारा पडलाय, अशी संधी पुन्हा यायची नाही, म्हणाला. वाकून बघितलं, चिकटलंय की चांगलं, असंही म्हणाला. ठिगळवाल्याने बायकोकडे बघितलं.

"उद्या चारला या, भाऊ," बायको म्हणाली.

"आम्हालाही नियम का, वहिनी? घरचेच ना आम्ही?"

"म्हणूनच."

तो पुटपुटत गेला. गाडीचा आवाज वळणापलीकडे विरला. ती उठली नाही. वजनावर तळवा ठेवून होडीशी बसून राहिली. वजन कुठे हलणार नव्हतं, तरीही.