मामझिझीच्या सुनेच्या अंगावर पितर उठले

सुनेनं सकाळी खाल्लेल्या बकरीचं पितरांकडून उत्तर दुपारी यायचं होतं, म्हणून अख्खं गाव मामझिझीच्या गुरांच्या कुंपणासमोर मक्याची बिअर घेऊन बसलं होतं. सगळ्यांचे डोळे तिच्या सुनेच्या, नोसाखेलेच्या दंडांवर. ती मात्र घराच्या दाराशी चटईवर अशी बसलेली, की जणू दंड दुसऱ्याच कुणाचे.

"पितरांना फोन लावलाय!" संदेष्टा सिगिडीनं गाईच्या शेपटीचा गोंडा कानाला लावला. "रिंग जातेय. म्हातारी माणसं, उठायला वेळ लागतो."

"त्यांना म्हणावं, इथेही एक म्हातारा ताटकळलाय," मी म्हणालो. "रांगेत पुढचा नंबर त्याचाच आहे."

बायका हसल्या. मामझिझी हसली नाही. आज अंगावर गांधी उठल्या, तर सुनेला कायमचं बापाच्या घरी धाडायचं ठरलं होतं. गाडीही सांगून ठेवली होती.

सावल्या लांबल्या आणि गांधी उठल्या. मनगटावर, दंडावर, मानेवर. मी एरवी तिखटमीठ लावून सांगतो, पण त्या दिवशी लावायला जागाच उरली नव्हती.

"उचलला!" सिगिडी किंचाळला. "म्हणतात, ही आमची नाही!"

लग्नात हिनंच बकरी खाल्ली होती, काही झालं नव्हतं. उन्हाळा सरल्यावर हे सुरू झालं. सिगिडीनं राख दिली, वर महिनाभर मटण बंद, फक्त पांढरी कोंबडी. अंग स्वच्छ! काय चमत्कार! पुन्हा बकरी खाल्ली, पुन्हा गांधी. "राखेचा जोर ओसरला," म्हणाला.

तेवढ्यात डॉक्टर वथिस्वा, आमच्याच गावची लेक, गर्दी सारून पुढे आली. आधी तिनं इंजेक्शन दिलं, मग सुनेचा घागरा घोट्याच्या वर सरकवला. चाव्यांचे जुने डाग, आणि एक टम्म फुगलेली गोचीड.

"ओढ्यावर कुठून जातेस गं?"

"घरामागून."

"समोरून का नाही?"

"अगं, सून आहे ती!" मामझिझी फणकारली. "सासऱ्याच्या गुरांच्या कुंपणासमोरून सून चालते का? शिकलीस आणि रीत विसरलीस?"

मागे कंबरभर गवत. गुरं तिथेच चरतात.

"गोचीड चावली की तिच्या लाळेतली एक साखर अंगात जाते," डॉक्टर म्हणाली. "तीच साखर गाई-बकऱ्यांच्या मांसात असते, कोंबडीत नसते. चावे होत गेले आणि हिचं रक्त त्या साखरेला वैरी समजू लागलं. सगळ्यांचं तसं होत नाही, हिचं झालं. मांस पचून ती रक्तात पोचायला काही तास लागतात. म्हणून यांचा फोन दुपारी लागतो."

"पण राखेनं बरी झाली होती की!" मामझिझी म्हणाली.

"कोंबडीनं झाली होती. आता राख सोडून कोंबडी द्या."

"मरेल!" सिगिडी ओरडला.

"मी जेवतो तिच्याबरोबर," मी म्हणालो. "मेलो तर तुझ्या फोनवर येऊच."

आठवडाभर आम्ही राखेशिवाय कोंबडी खाल्ली. तिच्या अंगावर एक पुरळ नाही. सिगिडीनं आधीच गाव सोडलं होतं, पांढऱ्या कोंबड्यांसकट.

"आणखी कुणाला मटण खाऊन असं होतं?" डॉक्टरनं विचारलं. तिघींनी मान खाली घालूनच हात वर केला. तिघीही सुना. सासवा समोरून चालतात, गुराख्यांच्या पायांत गुडघ्यापर्यंत बूट असतात.

मामझिझीनं सांगून ठेवलेली गाडी रद्द केली. "राहा," सुनेला म्हणाली. नोसाखेले ताटं गोळा करू लागली.

"आनंद झाला ना पोरी?" मी विचारलं.

"काही कळत नाही, आजोबा."

लोकहो, मांस खाल्ल्यावर काही तासांनी अंग उठलं, तर दवाखाना गाठा. घोटे बघा, गवत कापा, सुनेला चांगल्या वाटेनं चालू द्या. पितरांना काही सांगायचंच असेल, तर ते सुनेच्या कातडीवर लिहीत बसणार नाहीत. याच कारणावरून आमच्या गावानं याआधी दोन सुना माहेरी धाडल्या. त्यांना आणायला अजून कुणी गेलेलं नाही.