कंबर नऊशे नव्व्याण्णव

कात्री माझ्या हातात लग्नाआधीपासून आहे. आमचे हे त्यानंतरचे. तरीही परवा मला म्हणाले, "आता तू आराम कर."

आम्ही कामाचे कोट शिवतो. डॉक्टरांचे, प्रयोगशाळेतले, हॉटेलातल्या आचाऱ्यांचे. खाली कारखाना, वर ऑफिस. कापायचं टेबल माझं. ऑर्डरचा कागद आला की आधी मी मापं डोळ्यांखालून घालते, पटली तर कापड पसरते, नाही पटली तर गिऱ्हाइकाला फोन करते. एकोणतीस वर्षांत एक कोट परत आला नाही. एक गिऱ्हाईक मात्र गेलं, ते मी कबूल करते. ती बेकरीवाली. तिने कंबर चौतीस लिहून पाठवली. मी तिला दोनदा बघितलेली. फोन करून म्हटलं, "बाई, चौतीस ही तुमची कंबर नाही, तुमची इच्छा आहे." तिने पंचवीस कोटांची ऑर्डर रद्द केली.

तेव्हापासून ह्यांचा हुकूम, की कागदावर येईल ते शिवायचं, मध्ये आपलं डोकं चालवायचं नाही.

त्यात भर म्हणून सुनेने डोकं चालवलं. सून माझी संगणकातली. मुलगा सदा फिरतीवर, ही वरच्या खोलीत बसून घरूनच नोकरी करते. तिने सासऱ्यांना सांगितलं, की आपण एक वेबसाइट करू. गिऱ्हाइकांनी तिथे आपली मापं भरायची, की ती थेट आपल्या सॉफ्टवेअरमध्ये. हे हरखले. म्हणाले, पंधरा दिवस सगळं बिनचूक चाललं की मापं तपासायची भानगडच नको. तुझं टेबल शिलाई मशीनवरच्या दोघी बघतील, आणि तू आराम कर.

आराम काय असतो ते मी बघितलंय. माझी मोठी जाऊ आराम करते. सकाळपासून खिडकीत बसून समोरच्यांच्या दोरीवरचे कपडे मोजते, आणि एक कमी भरला तर दिवसभर तिला चैन पडत नाही. मला ते नको होतं. ती वेबसाइट आपटावी असं मला मनापासून वाटत होतं. उगाच साळसूदपणा कशाला करू?

सून पोरगी गुणी आहे, हाच तर त्रास. तिने मला सगळं नीट समजावलं. माल आणि ऑर्डरी ठेवणारं आमचं सॉफ्टवेअर म्हणे परक्याला दारात उभं करत नाही. तिच्या वेबसाइटला आत जायचं तर किल्ली लागते. किल्ली म्हणजे पन्नासेक अक्षरांची माळ, कुठल्याच भाषेत न वाचता येणारी. "आणि ही वेबसाइटच्या पानात ठेवायची नाही हं आई. पान कुणीही उघडून बघतं, किल्ली उचलून नेईल. ती आपल्याकडे लपवायची." किल्ल्या दोन होत्या. एक सरावाची. ती लावून ऑर्डर टाकली तर ती सरावाच्या वहीत पडते, कुणाला पत्ताही लागत नाही. दुसरी खरी. ती लावली की माझ्या टेबलाशेजारच्या प्रिंटरमधून कागद बाहेर पडतो. दोन्ही किल्ल्या एकाच फाइलीत, एकीखाली एक.

गुरुवारी दुपारी प्रिंटर खरखरला.

ग्राहक: अबक अबक. पांढरा कोट, नग एक. छाती दहा इंच, कंबर नऊशे नव्व्याण्णव इंच, बाही एक इंच, गळा शून्य. शेरा: टेस्ट टेस्ट.

मी काही खुळी नाही. बाईसाहेबांनी सराव करताना खरी किल्ली लावली, हे मला कागद पुरता बाहेर यायच्या आत कळलं. जिन्याशी जाऊन एक हाक मारली असती तर विषय मिटला असता. पण मी हाक मारली नाही. कागदावर येईल ते शिवायचं ना? मग घ्या.

नऊशे नव्व्याण्णव इंच म्हणजे पंचवीस मीटरच्या वर. अख्खा तागा काढला. कंबर पंचवीस मीटर आणि छाती दहा इंच, ही सांगड घालायला दीड दिवस गेला. चुणीवर चुणी, त्या चुणीवर आणखी चुणी. बाह्यांच्या जागी त्याच कापडाच्या दोन घड्या टाचल्या. गळा बंद केला, कारण शून्य म्हणजे शून्य. खरं सांगते, मला मजा येत होती.

काजं करणारी बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "वहिनी, हे घालणार कोण?"

"ते कागदावर लिहिलेलं नाही."

"डोकं कुठून बाहेर काढायचं?"

"आपण आपलं डोकं चालवायचं नाही. तू तुझी काजं कर."

शनिवारी सकाळी मी तो कोट वर न्यायला काढला. हे ऑफिसात असतील, सूनही चहा घेऊन तिथेच येते, दोघांच्या समोर टेबलावर पसरायचा आणि एक शब्द बोलायचा नाही, असं रात्रभर ठरवलं होतं. पुढचं टोक माझ्या खांद्यावर, मागे काजेवाली.

दाराशी पोचले आणि आतून सुनेचा आवाज आला.

"बाबा, माझ्याकडून मोठी चूक झालीय. गुरुवारी मी सरावाच्या जागी खरी किल्ली लावली. एक वेडीवाकडी ऑर्डर खाली गेली. मला आत्ता नोंदी बघताना कळलं."

"मग? नुकसान किती?" ह्यांचा आवाज.

"काहीच नाही. आई आहेत ना. असला कागद आईंच्या नजरेतून सुटणं शक्यच नाही, त्यांनी केव्हाच बाजूला ठेवला असेल. मी तेच सांगायला आलेय, तपासायचं बंद नका करू. माझी वेबसाइट चुकेल. आई नाही चुकायच्या."

जन्मात माझी इतकी स्तुती कुणी केली नव्हती, आणि ती मी पंचवीस मीटर पुरावा अंगावर घेऊन ऐकत होते. मी हळूच मागे वळायला गेले, तेवढ्यात काजेवाली खालून ओरडली, "वहिनी, थांबलात का? जिन्यावर अजून बारा मीटर आहे."

दोघं बाहेर आले.

"हे काय?" ह्यांनी विचारलं.

"कोट."

"कुणाचा?"

"अबक अबकचा."

सून माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने अगदी हळू विचारलं, "आई, तुम्हाला कळलं नाही?"

आता दोनच उत्तरं होती. कळलं नाही म्हटलं तर माझं टेबल गेलं. कळलं म्हटलं तर तिच्यापुढे माझी लाज गेली. मी कोट तसाच जमिनीवर टाकला.

"कळलं होतं. कागद हातात आला तेव्हाच. तुझं नाक कापायला मुद्दाम शिवला."

"पण मला एकदा विचारायचं तरी."

"मला विचारलं होतं कुणी? आराम हवाय का म्हणून?"

ह्यांनी टेबलावरचा स्टेपलर उचलला, उघडून पाहिला आणि पुन्हा ठेवला. एवढ्या वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं, की हे स्टेपलर बघायला लागले की त्यांना चूक पटलेली असते. सून खाली बसली, कोटाची कड हातात घेतली आणि एक दोरा ओढला. सगळी चुणी सरसर सुटत आली.

"ही कच्ची शिलाई आहे, आई. आणि कापडाला कुठे कात्रीही लागलेली नाही."

"कापडाने कुणाचं काय वाकडं केलंय?" मी म्हटलं.

दुपारपर्यंत आम्ही दोघी जिन्यावर बसून उसवत होतो. तिला उसवता येत नाही. दोरा ओढायचा कुठून हे तीनदा दाखवलं, तरी तोडतेच. मी बोलले तशी, आणि तिने ऐकून घेतलं. मग तिने पायरीवरच लॅपटॉप उघडला आणि ऑर्डरींच्या वाटेत माझ्यासाठी एक थांबा घातला. वेबसाइटवरून काहीही आलं तरी आधी माझ्या टेबलावरच्या पडद्यावर येणार, आणि मी 'ठीक' दाबेपर्यंत हलणार नाही. ह्यांना विचारलं नाही. मला विचारलं, बटण कुठल्या रंगाचं हवं.

सोमवारी वेबसाइट सुरू झाली. अकराच्या सुमाराला पहिली ऑर्डर आली, एका औषधवाल्याची. छाती चाळीस, कंबर अडतीस, बाही चोवीस. हे वरून दोनदा खाली येऊन गेले. "काही चूक आहे का?"

"बघतेय," मी म्हटलं.

एक वाजेपर्यंत मी ती अडवून धरली. चूक काहीच नव्हती.