दादाचा काचेचा डिमर

नाटकात उजेड बदलायचा प्रत्येक क्षण आधी कागदावर लिहून ठेवतात. कोणता दिवा, किती टक्के, किती वेळात. त्याला आम्ही क्यू म्हणतो. एकवीस वर्षं मी प्रकाशयोजनेच्या बोर्डावर बसते, त्यामुळे मला कुठलीही हकीकत याच पद्धतीनं आठवते. ही तर दिव्यांचीच आहे. कुणी हिला सूड म्हणेल. मीसुद्धा तेच म्हणते.

क्यू १
हॉल. सगळे दिवे, शंभर टक्के.

आई गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात दादाच्या घरी नातेवाईक जमलेत. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत खुर्च्या कमी पडतायत. कुणीतरी म्हणतं, "धाकटीनं आईचं फार केलं हो." धाकटी म्हणजे मी.

दादा चहाचा कप खाली ठेवतो. "केलं ना. यायची, दिव्याचं बटण दाबायची, झोपायची. सकाळी उठून परत बटण दाबायची, की चालली."

लोक हसतात. आठवडाभर रडून झाल्यावर कुणालाही हसायला निमित्त हवंच असतं. मावशी सगळ्यांत मोठ्यानं हसते, डोळे पुसत हसते. मीही हसते. अशा वेळी न हसणारी बाई लगेच नजरेत येते.

हा क्यू आठ महिने तसाच राहतो. पुढं सरकत नाही.

क्यू १च्या आधीचा, लिहायचा राहिलेला
मागची खोली. एक बल्ब, आठ टक्के.

आईची उजवी बाजू गेली तेव्हापासून तिला अंधार सोसेना. डोळे उघडले आणि काही दिसलं नाही की ती मला, दादाला, तिच्या कधीच्या गेलेल्या बापाला हाका मारायची. लख्ख उजेड केला तर डोळ्यांतून पाणी. मी तिथं जुना तारेचा बल्ब लावला आणि गोल फिरवायचा डिमर. फिरवत फिरवत आठ टक्क्यांवर आणला. आठ टक्क्यांत माणसाचा चेहरा ओळखू येतो, सुरकुत्या दिसत नाहीत.

तीन वर्षं प्रयोग संपला की मी तिकडं जायची. तिच्या कॉटखाली माझी गादी. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचं, चादर बघायची, ओली असली तर बदलायची. पहिल्याच आठवड्यात दादाला म्हटलं, एक दिवसाआड तू झोप.

"अगं, मला उजेडात झोप लागत नाही. तुला माहितीय."

माहितीय. टीव्हीच्या लाल ठिपक्यावर चिकटपट्टी लावणारा माणूस. शेजारच्याच खोलीत, दार लावून, मिट्ट काळोखात झोपायचा. तीन वर्षांत एक रात्र आला नाही.

क्यू २
फोन. दादाचा, सकाळी.

"धाकटे, घराचं काम काढलं होतं ते झालं. सगळीकडं एलईडी लावलेत. पण दिवे फडफडतात गं. मंद केले की डासासारखे गुणगुणतात. दुकानातून चांगले डिमर आणले होते मी."

"जुन्या बल्बचे असतील. त्यांना भरपूर वॅट लागतात. पोती तोलायच्या काट्यावर लिंबू ठेवल्यासारखं झालंय तुझं, काटा हलणार कसा?"

"ते तू बघ. बटणांचं तुलाच कळतं."

त्याला आठवतही नव्हतं. मुद्दाम म्हणाला असता तर मी इतकी पेटले नसते.

"आणि ऐक," तो म्हणाला, "आम्ही आता मागच्या खोलीत झोपतो. वारा छान येतो."

क्यू ३
दिव्यांचं दुकान. एका भिंतीवर ऐंशी दिवे, एकाच वेळी.

दुकानवाल्या बाई मला ओळखतात, नाटकाचं सामान त्यांच्याकडूनच घेते. त्या कुणालाही डिमर दाखवायच्या आधी प्रश्न विचारतात. दिव्याच्या खोक्यावर डिमेबल, म्हणजे मंद करता येणारा, असं लिहिलंय का? एका बटणावर किती दिवे, मिळून किती वॅट? दादा-वहिनी बरोबर आले होते, दादानं खोकी आणली होती. लिहिलेलं होतं. हॉलमध्ये बारा दिवे, मागच्या खोलीत चार, पाच-पाच वॅटचे, छतात बसवलेले.

काउंटरवर दोन डिमर आले. दोन्ही एलईडीचेच.

पहिला गोल. शेवटपर्यंत फिरवला की टक् असा आवाज होतो आणि वीज खरोखर तुटते.

दुसरा काचेचा. बोट लावायचं, रिमोटही आहे. मात्र त्याला स्वतःला जागं राहायला थोडी वीज लागते आणि ती तो दिव्यातूनच घेतो. बारा दिवे असतील तर कळत नाही. चारच लहान दिवे असतील तर बंद केल्यावरही ते बारीक तेवत राहतात. उपाय सोपा आहे: अंगठ्याएवढा एक भाग दिव्याच्या तारांना जोडायचा, मग ती वीज तिकडून जाते. बाईंकडं तसल्या भागांची बरणीच आहे. त्यांचा हात झाकणावर गेलाच होता.

"दादा, तू गोल घे," मी म्हटलं. "काचेचा तुला जमायचा नाही. रिमोट वगैरे असतो त्याला."

"मला जमायचा नाही? ऑफिसात चाळीस माणसं सांभाळली मी."

"माणसं वेगळी."

"खोलीला काचेचाच द्या," दादा बाईंना म्हणाला.

"पुसायलाही बरा," वहिनी म्हणाल्या. गोल बटणाच्या खाचेत तेलकट धूळ बसते, हे त्यांचं जुनं दुःख.

"साहेब, चारच दिवे असतील तर याला एक—"

"त्यांना हाच आवडलाय, बाई," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग बरणी मागं सारली आणि पावती करायला घेतली.

क्यू ४
रद्द. बसवायला जाईन तेव्हा सांगून टाकू, असा यात विचार होता.

क्यू ५
मागची खोली. दुपार. खिडकीतून ऊन.

मी मुद्दाम दुपारीच गेले. उन्हात तो उरलेला उजेड दिसत नाही.

हॉलचं काम चोख केलं. सगळ्यांत कमी उजेड कुठं थांबवायचा, ते डिमरच्या बाजूच्या बारीक स्क्रूनं ठरवावं लागतं. शिडीवर चढउतर करून अर्धा तास त्यावर घालवला. तिथं कुणाला नाव ठेवायला जागा नव्हती.

मग खोली. आईची कॉट जिथं होती तिथं आता मोठा पलंग. भिंत निळसर. मी मेन बंद केला, जुनं बटण काढलं, काचेचं बसवलं, मेन चालू केला. दादा पलंगावर आडवा पडून रिमोट दाबत राहिला.

"कमी... अजून कमी... बंद. वा. बघ, जमलं की मला."

"जमलं," मी म्हटलं.

वहिनींनी सरबत दिलं. दोन ग्लास प्यायले.

क्यू ६
फोन. दुसऱ्या दिवशी, सात वाजता.

"धाकटे, ते दिवे पूर्ण जात नाहीत गं."

"किती उरतात?"

"अगदी थोडे. पण उरतात. सगळं दिसतं. पंख्याची पाती दिसतात, कपाटाचं हँडल दिसतं."

"दोन टक्के असतील. आईला मी आठ ठेवायची."

"त्याचा इथं काय संबंध?"

"काही नाही. मेन बंद करून झोप."

"पंखा बंद होतो. त्याच मेनवर आहे."

"मग हॉलमध्ये."

"सोफ्यावर पाठ धरते."

"वहिनी काय करतात?"

"ती डोळ्यांवर ओढणी टाकून ढाराढूर. मी टाकली तर मला गुदमरायला होतं."

"दादा, दोन टक्के म्हणजे उजेडच नाही रे. सवय होईल."

क्यू ७, क्यू ८
फोन. तिसरा दिवस, सहावा दिवस.

"डोळे मिटले तरी कळतं गं, की आहे."

"हो, कळतं."

"चार वाजता उठून बसलो. काय करायचं असतं माणसानं चार वाजता?"

"चादर बघायची. ओली असली तर बदलायची."

फोन ठेवून दिला त्यानं.

वाईट वाटलं का? शनिवारी थोडं वाटलं. सोमवारपर्यंत गेलं. त्या आठवड्यात माझ्या हाताखालचे सगळे क्यू असे लोण्यासारखे पडले, की दिग्दर्शक म्हणाला, "काय बाई, तब्येत सुधारलीय तुमची."

क्यू ९
मावशीचं घर. रविवार, दुपार. दोन ट्यूबलाइट, त्यांतली एक पिवळी पडलेली.

मावशी न्हाणीघरात घसरली, पाय प्लास्टरमध्ये. सगळे बघायला आलेत, तेच सगळे. मी दारातच होते तेवढ्यात दादा उठून उभा राहिला. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली. गंजीवर शर्ट उलटा घालून आला होता आणि वहिनींनी त्याला सांगितलं नव्हतं.

"आली बघा. विचारा हिला. काल मी दुसरा वायरमन आणला. तो म्हणाला, एवढासा भाग लावायचा असतो, मागवायला दहा-बारा दिवस जातील. आणि म्हणाला, साहेब, ज्यानं हे बसवलं त्याला हे माहीत नसणं शक्यच नाही."

"माहीत होतं," मी म्हटलं.

"ऐका. सख्खी बहीण. अकरा रात्री मला झोप नाही. अकरा. तुम्हाला काय वाटतं, बारीक उजेड आहे, त्यात काय? झोपून बघा त्या खोलीत. माणूस वेडा होतो. पडून राहायचं आणि छताकडं बघायचं, सकाळ होत नाही. डोकं चालत नाही, जेवण जात नाही, परवा रस्ता ओलांडताना गाडीखाली आलो असतो. एक रात्र काढून दाखवा तिथं कुणीही, मग बोला."

घरून येताना दोन वाक्यं ठरवून आणली होती, ती तशीच राहिली.

मावशीनं प्लास्टरचा पाय स्टुलावर सरळ केला. "ही झोपली ना तिथं," ती म्हणाली. "तीन वर्षं."

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं? खोली तीच. उजेड जास्त होता. वर ताईचं सगळं करायचं."

"मावशी, मी दिव्याबद्दल बोलतोय."

"मीही दिव्याबद्दलच बोलतेय. तू त्या खोलीत एक तरी रात्र झोपला होतास का रे, ताई होती तेव्हा?"

दादानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी त्याचं तोंड बघत होते, त्यामुळे आवाज दुसरीकडून आला हे कळायला मला क्षण लागला.

"नाही," वहिनी म्हणाल्या. हातातल्या संत्र्याचं साल काढणं त्यांनी थांबवलं नाही. "एकही नाही."

कुणी हसलं नाही. मावशीनं माझ्याकडं हात केला, जवळ ये म्हणून. मी गेले नाही. आठ महिन्यांपूर्वी ती किती मोठ्यानं हसली होती ते मला ऐकू येत होतं, आणि तिलाही येत असावं, कारण तिनं हात मागं घेतला आणि पदर नीट करू लागली.

दादा खुर्चीत बसला. बराच वेळ उलट्या शर्टाच्या शिवणीशी चाळा करत राहिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आठ टक्के म्हणजे याच्या चौपट ना गं?"

"चौपट."

"हं."

थोड्या वेळानं म्हणाला, "कधी येशील?"

"आज प्रयोग आहे. उद्या आहे, परवा, बुधवारी. गुरुवारी मोकळी आहे."

त्यानं बोटांवर मोजलं. चार रात्री झाल्या. मान हलवली.

क्यू १०
बुधवारी संध्याकाळी दादाला कळवलं, गुरुवारी अचानक प्रयोग लागलाय, शुक्रवारी येते. त्यानं लिहिलं, बरं.

गुरुवारी प्रयोग नव्हता. मी घरी होते. दुपारी जेवून खिडक्या लावून घेतल्या, पडदे ओढले, आणि दिवेलागणीपर्यंत मस्त झोपले.