लिंबोणीखालची ओली माती

सातवी कोंबडी मेली त्या शुक्रवारी अंजनाबाईने बोटांवर मोजणं सोडून दिलं. तेरा होत्या, सहा राहिल्या, हे कळायला बोटं कशाला पाहिजेत? आणि खरं सांगायचं तर ती कोंबड्या मोजतच नव्हती. ती दिवस मोजत होती, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती.

दिवस मोजले की ते सुनेपाशी येऊन थांबायचे. लेकाचं, ताराचंदचं, लग्न होऊन शामला या घरात आली तो मंगळवार. पुढच्याच सोमवारी पहिली कोंबडी गेली. मग दर एक-दोन दिवसांआड एक. आधी पाय जायचे, कोंबडी बसल्या जागी राहायची. मग पंख लोळायचे. शेवटी मान जमिनीवर टाकायची, पण डोळे उघडे, टुकूटुकू बघणारे. ना खोकला, ना शिंक, ना हगवण. सकाळी दाणे टिपणारी संध्याकाळी आडवी!

नंदनवनच्या त्या वस्तीत मागच्या अंगणात कोंबड्या सगळ्यांकडेच होत्या. मरत होत्या त्या फक्त अंजनाबाईच्या. आणि हे शेजारच्या प्रयागबाईच्या नजरेतून सुटेल? शक्यच नाही. कुंपणावर हात ठेवून तिने विचारलंच, "अंजना, सून आल्यापासूनच लागलं ना वं हे?"

"काय म्हणून राहिली तू?"

"मी कुठं काही म्हणून राहिली बाप्पा! लोक पायगुण म्हणतात त्याले."

अंजनाबाईने तिची अशी खरडपट्टी काढली की गल्लीतली तीन दारं उघडली. "छप्पन सालात पांढरं लुगडं नेसून माह्याच बाजूले बसली होती ना वं तू दीक्षेले? शकुन-अपशकुन तिथंच सोडून आलो म्हणे आपण. मंग हा पायगुण कोणत्या गाठोड्यात बांधून घरी आणला होता?"

प्रयागबाई आत गेली. वस्तीत अंजनाबाईची वाहवा झाली. तिचा नवरा रुपराव गिरणीतून सुटून घरी येईपर्यंत गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. "शाबास वं," तो म्हणाला, आणि चहा मागितला.

पण तोंडाने झाडून टाकणं सोपं असतं. प्रयागबाईचा तो शब्द बाभळीच्या काट्यासारखा आतच मोडून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी शामला कोंबड्यांना टाकायला ज्वारीच्या दाण्यांनी भरलेलं सूप घेऊन मागच्या दाराकडे निघाली, तर अंजनाबाईने ते तिच्या हातातून काढून घेतलं. "राहू दे बाई, तू भाकरीकडं पाय." आवाज गोड होता. सूप मात्र हिसकूनच घेतलं होतं.

त्या दिवसापासून शामलाने मागच्या अंगणात पाऊल टाकलं नाही. अंगणामागच्या नळावर जायचं तरी पुढच्या दाराने, अख्ख्या गल्लीला वळसा घालून, डोक्यावर पाण्याने भरलेला गुंड घेऊन यायची. अंजनाबाईला वाटलं, रुसली. रुसू दे, असं ती मनात म्हणाली. मग आपण असं म्हणालो याचाच तिला राग आला.

रविवारी शामलाचे वडील चंपतराव लेकीला पहिल्यांदा माहेरी न्यायला येणार होते. अशी पहिल्यांदा गेलेली सून आपल्या मनाने परत येत नाही. सासरहून कोणी न्यायला जावं लागतं. त्या माणसाला मूळ म्हणतात. गुरुवारी भाकरी थापता थापता शामलाने हळूच विचारलं, "आई, मूळ कधी धाडता?"

"पाहू," अंजनाबाई म्हणाली.

नुसतं पाहू! घरच्या लेकीला कोणी पाहू म्हणतं का? शामलाने भाकर तव्यावर टाकली आणि पुढचा गोळा मळायला घेतला.

तर शुक्रवारी सातवी गेली. अंजनाबाईने कुदळ उचलली. मेलेलं खायचं नाही, ही त्या घराची पहिली रीत होती. तिच्या आजीच्या काळी गावातलं मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम यांच्याच माणसांचं, आणि खायला वाट्यालाही तेच यायचं. ते सोडलं याचा अंजनाबाईला दीक्षेइतकाच अभिमान. मेलेली कोंबडी तिच्या चुलीवर चढणार नव्हती, ती कोणाला देणार नव्हती, कुत्र्यापुढेही फेकणार नव्हती. माणसासारखी पुरायची. आता पुरायची कुठे? ज्येष्ठाच्या उन्हाने अंगणाचा दगड झाला होता, कुदळ मारली की उसळायची. न्हाणीचं पाणी जायचं ते लिंबोणीच्या बुडाशी, तेवढीच माती मऊ. तिथे वीतभर खणून तिने सातवीला सहांच्या शेजारी झाकली.

हात धुताना तिची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. तिथे आतल्या बाजूला बांबूच्या डालग्याखाली लाल कोंबडी अंड्यांवर बसली होती. ती बसवली होती शामला आली त्याच मंगळवारी. शामलाचं येणं-जाणं दिवसातून पन्नास वेळा तिच्या अंगावरून. पायगुण बाधायचा तर आधी हिला बाधायला हवा होता. ही तर डालग्यातून कुर्र करून अंगावर येत होती.

अंजनाबाई तिथेच उकिडवी बसली. म्हणजे जे मारतं ते बाहेर अंगणात आहे. काय आहे ते आता शोधायलाच पाहिजे, नाहीतर रविवारी ती पोर आपलं 'पाहू' घेऊनच जाईल.

शनिवारी सकाळी आठवीचे पाय गेले. अंजनाबाईने तिला पिशवीत घातलं आणि दोन सिटी बस बदलून धरमपेठेच्या पुढचा जनावरांचा दवाखाना गाठला. वाटेत कंडक्टरने विचारलं, पिशवीत काय आहे? "पेशंट," ती म्हणाली. पेशंट मात्र पोचायच्या आधीच गेला.

"मानमोडी होय का गा डॉक्टरसाहेब?" तिने विचारलं.

डॉक्टर तरुण होते, चष्मेवाले, पण घाई करणारे नव्हते. त्यांनी कोंबडीची मान बोटावर तोलून दाखवली. "मानमोडीत मान पिळवटते, बाई. ही सैल पडली आहे. बघू या पोटात काय आहे."

त्यांनी गळ्याखालची दाण्याची थैली चिरून ताटात उलटी केली. ज्वारीचे चार दाणे पडले. बाकी सगळ्या अळ्या, पांढऱ्या, मूठभर.

"हिने सडकं मांस आणि त्यातल्या अळ्या खाल्ल्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "सडक्या मांसात विष तयार होतं, ते अळ्यांतून कोंबडीच्या पोटात जातं. मग ती लुळी पडते. तुमच्या अंगणात काही मेलेलं पडलं आहे का?"

अंजनाबाई ताठ झाली. "माह्या अंगणात मेलेलं पडून राहत नाही, साहेब."

"बरं. पुरलेलं आहे?"

तिच्या डोळ्यांपुढे लग्नाचा दुसरा दिवस आला. सुनेच्या कौतुकाचं जेवण, पाच कोंबडे कापलेले, आणि त्यांची आतडी-मुंडकी लिंबोणीखाली पुरताना ती स्वतः. लिंबं चांगली धरतील म्हणून हौसेने पुरली होती. कोंबड्या पायांनी उकरायला जायच्या त्याच ओल्या सावलीत. पहिली मेली, तिलाही तिथेच पुरली. तिच्यावर पोसलेल्या अळ्यांनी दुसरी नेली, दुसरीने तिसरी. अंजनाबाईने दिवस बरोबर मोजले होते. पाय तेवढे भलत्याचे धरले होते.

घरी येऊन तिने पदर खोचला आणि लिंबोणीचं बूड उकरलं. माती वळवळत होती. रुपराव मागे येऊन उभा राहिला, त्याने सगळं ऐकलं, आणि त्याला हसू आलं. "काखेत कळसा अन् गावाले वळसा! पार धरमपेठ गाठली वं तू!"

"हासू नका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "आपण मेलेलं सोडलं, अन् मी माह्या हातानं या कोंबड्यायले मेलेलंच खाऊ घातलं."

रुपरावचं हसू गेलं. त्याने तिच्या हातातली कुदळ घेतली. दोघांनी मिळून सगळं बाहेर काढलं, घासलेट ओतून जाळलं, खड्ड्यात चुना टाकला आणि वर फरशी बसवली.

रविवारी चंपतराव आले. चहा झाला. शामलाची पत्र्याची पेटी दारात येऊन बसली. कुंपणापाशी प्रयागबाई उगाचच वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालत होती. अंजनाबाईने ज्वारीचं सूप भरलं आणि मागच्या दारात उभं राहून हाक मारली, "शामला, इकडं ये. जायच्या आधी कोंबड्यायले दाणे टाक."

शामला उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली.

"चाल ना वं."

"नको आई." तिचे डोळे भरले होते. "उरल्या त्या तरी जगू द्या."

म्हणजे गल्लीला तो वळसा रुसव्याचा नव्हता! ही एवढीशी पोर आपले पाय कोंबड्यांपासून दूर ठेवत होती.

"कोणं सांगितलं तुले?"

"कोणं नाही. मीबी दिवस मोजून राहिली होती."

अंजनाबाईने सूप खाली ठेवलं. चंपतराव पाहत होते, प्रयागबाई पाहत होती. पाहू दे. "ऐक. कोंबड्या म्या मारल्या. तुह्या जेवणाची घाण इथं म्या पुरली, अन् मेलेल्याबी म्याच पुरल्या. अन् नाव तुह्या पायाचं घेतलं. तोंडानं नाही घेतलं, मनात घेतलं. ते त्याहून वाईट."

"आई, असं नका बोलू..."

पण अंजनाबाई वाकली होती. तिने सुनेचा पाय दोन्ही हातांनी धरला, उंबऱ्यावरून उचलला आणि अंगणाच्या मातीत ठेवला. मग दुसरा. शामला तिच्या खांद्याला धरून उभी राहिली, रडायला लागली. सुपातले दाणे पाहून अंगणात उरलेल्या चारही कोंबड्या धावत आल्या आणि तिच्या पायांभोवती ओरडू लागल्या.

"मंगळवारी डालग्यातली पिल्लं निघतात," अंजनाबाई पदराने तोंड पुसत चंपतरावांना म्हणाली. "बुधवारी मूळ म्हणून मीच येईन. पोरीले तयार ठेवा, भाऊ."

मग तिने सूप उचलून शामलाच्या हातात दिलं.